पंपातली तीन टिंबं

संग्रहालयातलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला मी गेले होते. काम उरकून शिडीवरून उतरले, वळले — आणि समोरच्या काचेच्या पेटीत आजोबांचा वैरी निवांत पडलेला दिसला.

"हात लावू नका," मागून आवाज आला.

"काच आहे मध्ये. लावणार कुठून?"

"तुमचे डोळे पाहून वाटलं, काच फोडाल."

बोलणारा माणूस तिथल्या शस्त्रांची देखभाल करायचा. बाहीला तेलाचा डाग, आणि हसू ओठांच्या आधी डोळ्यांत. मला तो पाहताक्षणी आवडला, म्हणून मी जास्तच चिडले.

पाटीवर लिहिलं होतं — 'युद्धकाळातला नमुना. अशा दोनच बंदुका बनल्या. लेथ यंत्रावरच्या टर्नरच्या चुकीमुळे दुसरी चाचणीत फुटली.'

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. का?"

"तो टर्नर म्हणजे माझे आजोबा."

त्याचं हसू मावळलं. त्याने स्टूल पुढे सरकवलं, "बसा. सांगा."

मी सांगितलं. युद्धात बंदुका कमी पडल्या, तेव्हा सायकलचे पंप बनवणाऱ्या कारखान्याला स्वस्तातली बंदूक बनवायला सांगितलं होतं. कामगार तिला पंपच म्हणायचे. तिच्या आत मागेपुढे सरकणारा लोखंडी बोल्ट असतो. एक आजोबांनी लेथवर काढला, दुसरा त्यांच्या सोबत्याने. चाचणीच्या सकाळी घाईगडबडीत दोन्ही एकाच टेबलावर ठेवलेले. कोणता कुठल्या बंदुकीत बसला, कोणीच पाहिलं नाही. एक बोल्ट तडकला आणि गोळी झाडणाऱ्या जवानाची दोन बोटं गेली. खापर फुटलं ते वयाने लहान असलेल्या आजोबांच्या डोक्यावर. लढाई संपली, पंप सगळे विसरले. आजोबांनी मात्र पन्नास वर्षांत पुन्हा कुठलंही अवजार हातात धरलं नाही. घरातला नळ गळला तरी ते नुसते बघत बसतात.

"ते आपल्या कामावर टोकदार पंच ठोकून तीन टिंबं उमटवायचे," मी म्हणाले. "ही न फुटलेली बंदूक उघडली की कळेल. आत टिंबं असली, तर फुटला तो बोल्ट त्यांचा नव्हता."

"परवानगी काढतो." मग हळूच, "पण टिंबं नसली तर...?"

 आत्तापर्यंत आजोबांकडे निदान 'चूक आपली नसेलही' एवढी शंका तरी होती; टिंबं नसली तर तीही जाणार होती.

परवानगीला तीन आठवडे लागले. तेवढ्या दिवसांत ते ठणठणीत घड्याळ तीनदा बंद पडलं. तिसऱ्यांदा लंबकावर तेलाची बोटं दिसली.

"तुमच्याकडे तेल फार सांडतं वाटतं."

"घड्याळालाच तुमची सवय लागलीय," तो दुसरीकडे बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मी त्या दिवशी काम मुद्दाम सावकाश केलं.

अखेर त्याने पंप टेबलावर घेतला. तो इतक्या हळुवारपणे उघडत होता की मला त्या बंदुकीचा हेवा वाटला. बोल्ट बाहेर आला. मी माझं भिंग त्याच्या हातात दिलं.

"तुम्ही बघा. माझ्याने होणार नाही."

त्याने काजळी पुसली. वाकला. 

"एक," तो म्हणाला. "दोन..."

मी त्याची बाही घट्ट धरली.

"तीन."

मी तिथूनच फोन लावला. "आजोबा, न फुटलेल्या पंपात तुमची टिंबं आहेत. तिन्ही."

आजोबांनी विचारलं, "नीट पाहिलंस?"

"भिंगातून."

"म्हणजे तडकला तो सोबत्याचा... बरं झालं, बिचारा हे न कळताच गेला." आणि आजोबा रडायला लागले. मीही. त्याने डोळे पुसायला फडकं पुढे केलं, त्यावरचं तेल पाहून मागे घेतलं.

"पाटी आजच उतरवतो," तो फोनजवळ वाकून म्हणाला. "चूक माझी. न तपासता लिहिलं."

"हा कोण?"

"इथली... शस्त्रं सांभाळतात ते."

"चूक सरळ कबूल करतोय. लग्न झालंय का त्याचं?"

"आजोबा —"

"नाही झालं," तोच म्हणाला. "हिला विचारायचं आहे. धीर होत नाही."

"बंदुकीला घाबरला नाहीस, आणि हिला घाबरतोस? शहाणा आहेस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणणारच होते, पण बोट वर करून त्याला थांबवलं. फोनमध्ये आजोबा हसत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांचं हसणं ऐकत होते मी, आणि मला ते शेवटपर्यंत ऐकायचं होतं.