बंद खोक्यातलं सरबत

"चोरी झाली, ताई," नत्थुजी टोपी मांडीवर ठेवत म्हणाले. "पोलिसातच चाललो होतो. घरच्यांनी म्हटलं, आधी जुईलीताईले इचारा."

जुईली अमरावतीत खासगी तपासाची कामं करायची. कोर्टातल्या कारकुनीतून निवृत्त झालेले तिचे मामा, मोरोपंत, तिची गाडी चालवायचे आणि तिच्याआधी निष्कर्ष काढून हमखास चुकायचे.

मोर्शी रस्त्याला नत्थुजींची संत्र्याची बाग होती. मुलगा अंकुर यानं तिथं खोल्या बांधून पर्यटन केंद्र काढलं. दारूशिवाय पाहुणा टिकत नाही, असं ज्यानं त्यानं त्याला सांगितलं. मग एका दारू कंपनीनं रंगीत छत्र्या, फ्रीज आणि फाटकावर मोठा फलक फुकट दिला. फलकावर नाव सोड्याचं, पण वाचणाऱ्याला सोडा आठवत नव्हता. बदल्यात काल सहल कंपन्यांची माणसं केंद्र पाहायला आली, तेव्हा त्यांच्यापुढे त्याच कंपनीचा माल ठेवायचा होता.

"एका दिवसाचा परवाना काढला," नत्थुजी सांगू लागले. "आदल्या दिवशी अंकुरनं दुकानातून खोके आणले. मी कोठीत ठेवून कुलूप लावलं, चावी माह्या करदोड्याले. संध्याकाळी पाहुण्यांसमोर खोके फोडले, तं आत आमचंच संत्र्याचं सरबत."

"कुलूप?"

"धक्का बी नाई. पन सरबत भरते केशरबाई, आमची सैपाकीन. तिचा नवरा दारूनंच गेला. मले म्हने, मालक, हे घरात आनू नका. आज तिले काढून टाकतो."

गाडीत बसताच मोरोपंत म्हणाले, "बाईच. कारणही आहे आणि बाटल्याही तिच्याच हाताखाली."

"चावी नव्हती, मामा."

बागेत दारू कंपनीचा माणूस श्रावण छत्र्या मिटत होता.

"खोके दुकानातून अंकुरनंच गाडीत ठेवले," तो म्हणाला. "माणूस भला, पण धंद्याचा नाही. मागच्या महिन्यात नवा माल चाखायला दिला, तर पेला धरूनच बसला. मी वळलो तसा कुंडीत ओतला. त्याला वाटतं, मला दिसलं नाही."

"सहलवाले नाराज झाले?"

"ते कसले नाराज होतात? सरबत पिऊन बैलगाडीत बसले. तोंडघशी पडलो आम्ही."

केशरबाई चुलीपाशी होती. गाठोडं बांधून तयार ठेवलेलं. "म्या नाई केलं," ती शांतपणे म्हणाली. "पन झालं थे बरं झालं."

"काल दिवसभर काय काम केलंत?"

"सकायीच अंकुरभाऊनं सांगतलं, पुदिना निवड, काळं मीठ कुट. कायले, थे नाई इचारलं. मंग भजे तळले, वांग्याची भाजी केली."

ओसरीवर सून आचल हिनं चहा आणला.

"माहेर कुठलं?" जुईलीनं विचारलं.

"धामणगाव रेल्वे."

खुंटीवरच्या पिशवीतून अकोल्याच्या बसची तिकिटं डोकावत होती. "अकोल्यात कुणी आहे का?"

"नाई," सासू दुर्गाबाईच बोलल्या. "तरी दर गुरुवारी दोघं अकोल्याले बाजाराले जातात आन पिशवी रिकामी आनतात. जाऊ द्या, नवं लग्न हाय."

मोरोपंत हसले. आचल हसली नाही. जुईलीनं चहा संपवला आणि अंकुरसह घरच्यांना ओसरीवर बोलावलं. श्रावण तोवर निघून गेला होता.

"नत्थुजी, कोठीतून काहीच गेलेलं नाही. दारू कोठीत आलीच नव्हती. कुलूप शाबूत आणि चावी तुमच्याकडे, म्हणजे खोके वाटेतच बदलले. केशरबाई इथं होत्या, वाटेत नव्हत्या."

"आन् थे सरबत?"

"चोरानं खोक्यात विटा भरल्या असत्या. इथं ज्यानं बदल केला, त्याला पाहुणे तहानलेले राहू द्यायचे नव्हते. पुदिना आणि काळं मीठ सहसा दारूत नाही, सरबतात घालतात. खोके फुटले संध्याकाळी. सरबत निघणार हे एकाला सकाळीच ठाऊक होतं. दुकानातून खोके आणले तेही त्यानंच."

सगळे अंकुरकडे वळले.

"दारू ठेवायची म्हनून तूच तं भांडला माह्यासंग," नत्थुजी म्हणाले. "मंग काहून?"

"त्याचं कारण मला कळलंय," जुईली म्हणाली. "अमरावती ओलांडून अकोल्याच्या बाजाराला कुणी जात नाही आणि चाखायला दिलेली दारू उगाच कुंडीत ओतत नाही. पण ते सांगायचा हक्क माझा नाही."

अंकुर वडिलांकडे वळला.

"बाबा, पुण्याले नोकरीत होतो तवा मी पीत होतो. लय. लग्नाआधी सोडली. अकोल्याले सोडलेल्या लोकांची बैठक असते, गुरुवारी. अमरावतीत कोनी ओळखन, म्हनून तिकडं जातो. सगळे म्हनत होते दारू ठेव, मी हो म्हनून बसलो. पन थे खोके गाडीत घेतले आन एक बाटली फोडावी वाटाले लागलं. रस्त्यात थांबून आचलले फोन केला. थे सरबत घेऊन आली. दारू तिनंच नाल्यात ओतली. मी दूर उभा होतो. केशरबाईचं नाव आलं तवाच बोलाले पायजे होतं. धीर नाई झाला."

मोरोपंतांना मघाचं आपलं हसू आठवलं आणि त्यांनी मान खाली घातली.

नत्थुजी उठून आत गेले. "केशरबाई," त्यांचा आवाज बाहेर ऐकू आला, "माहं चुकलं. गाठोडं सोड."

बाहेर येऊन ते अंकुरच्या शेजारी पायरीवर टेकले.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी तं गावभर सांगता, माहा पोरगा सुपारी बी खात नाई."

नत्थुजी हळूच म्हणाले, "लय तरास झाला काय रे?"

"झाला, बाबा."

"एकट्यानंच काढला?"

"आचल होती."

सासऱ्यांसमोर कधी न बसलेली आचल खांबाशी उभी होती. नत्थुजींनी सरकून पायरीवर जागा केली.

"बस, पोरी," ते म्हणाले.

ती बसली.