आमसुलांच्या यंत्रातली फीत

पडद्यावरचा माणूस गुहेतून बाहेर आला, समुद्राकडे बघून ऐटीत हसला आणि ऋजुता ओरडली, "आबा, थांबवा! त्याचे बूट बघा!"

बूट कोरडे ठणठणीत होते. क्षणभरापूर्वी हाच माणूस गुडघाभर पाण्यातून फतक फतक चालत होता. मग बूट वाळवायची सोय गुहेत कुणी केली होती?

एरवी ऋजुता यावर खो खो हसली असती. आज तिला हसू येत नव्हतं, कारण त्याच गुहेत तिची आई अडकली होती. आई भूगर्भशास्त्रज्ञ. पहाटे दोन सहकाऱ्यांबरोबर दगडाचे नमुने आणायला आत गेली आणि मागे दरड कोसळून गुहेचं तोंड बंद झालं. फटीतून सरकवलेल्या नळीतून तिचा आवाज येत होता, तेवढाच काय तो धीर. रात्रीच्या मोठ्या भरतीला गुहा छतापर्यंत भरते, हे गावात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

बचाव पथकाच्या निकम मॅडमनी मार्ग शोधला होता. 'वस्तुवेध' वाहिनीच्या एका जुन्या माहितीपटात गुहेचं दुसरं, समुद्राकडचं तोंड दिसत होतं. खोदणारा यंत्रमानव एकच होता आणि तो तिथे कामाला जुंपला होता.

ऋजुताने त्यांना फोन लावला. "मॅडम, ते तोंड दुसऱ्याच गुहेचं आहे. बूट कोरडे आहेत!"

"बाळा, ती माहितीची वाहिनी होती, खोटं कशाला दाखवतील?" मॅडम म्हणाल्या. "नुसत्या बुटांवरून मी यंत्र हलवू शकत नाही. खरं तोंड कुठे आहे ते दाखव, त्या क्षणी हलवते."

ऋजुताने आबांकडे पाहिलं. तिचे आजोबा पदार्थवैज्ञानिक. वस्तुवेधच्या फिती जपण्यात त्यांची हयात गेली होती. वाहिनी बंद पडली, तरी तिच्या संग्रहालयाच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला होत्या.

"हे संकलनातलं (चित्रणाचे तुकडे कापून जोडण्यातलं) कसब आहे," आबा म्हणाले. "खरं तोंड दिसायला बेंगरूळ असणार. म्हणून देखणं तोंड आणून जोडलं. टिपण, या गुहेचे रशेस (संकलनाआधीचं जसंच्या तसं चित्रण) शोध."

टिपण हा संग्रहालयाचा यंत्रमानव. कामाला चोख, पण नियमांचा भारी सोस. त्याने एक फीत आणली आणि जाहीर केलं, "सापडली. चालवण्यास मनाई. फीत आजारी आहे."

खरंच, फितीचे वेढे एकमेकांना चिकटले होते.

"नीट ऐक," आबा म्हणाले. "फीत म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यावर लोहाच्या संयुगाची भुकटी असते. प्रत्येक कण म्हणजे इवलासा चुंबक. ते चुंबक कसे मांडलेत, त्यातच चित्र साठवलेलं असतं. ती भुकटी धरून ठेवतो तो बंधक, म्हणजे एक प्रकारचा डिंक. आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा वर्षानुवर्षं पिऊन तो डिंक चिकट झालाय. आत्ता फीत ओढली, तर भुकटी खरवडून निघेल."

"आणि भुकटीबरोबर चित्रही जाईल," ऋजुता म्हणाली. "मग वाळवायची कशी?"

"मंद आचेवर, संध्याकाळपर्यंत. पण आपली भट्टी केव्हाच भंगारात गेली."

ऋजुता शेजारच्या परबकाकूंकडे धावली. त्यांच्याकडे आमसुलं वाळवायचं विजेचं यंत्र होतं. काकूंनी सगळी आमसुलं भराभर परातीत ओतली. "घेवन जा गो. आमसुलां उद्या सुकतली, माणसां आदी भायर येवंदेत."

टिपणने यंत्राचा वास घेतला आणि नापसंती नोंदवली. आबांनी काटा चोपन्न अंशांवर ठेवला आणि फीत आत सरकवली.

मग वाट बघणं आलं, आणि तेच सगळ्यात कठीण होतं. ऋजुताचं मन थाऱ्यावर राहावं म्हणून आबा वाहिनीची गोष्ट सांगू लागले. "सुरुवातीला आम्हाला रोजचा एकच तास मिळायचा. त्यात मुंग्यांची वारुळं दाखवायचो, धूमकेतू दाखवायचो. लोकांना आवडलं, एकाच्या पाच वाहिन्या झाल्या. पाच वाहिन्या अष्टौप्रहर भरायच्या, तर एवढं खरं आणायचं कुठून? मग खऱ्याला नटवणं सुरू झालं. शेवटी भुताचे बंगले दाखवू लागले. खरं बघणारे उठून गेले, आणि भुतं बघणाऱ्यांना दुसरीकडे जास्त चांगली भुतं मिळाली!"

तेवढ्यात फोन वाजला. निकम मॅडमचा आवाज चिरका झाला होता. "पाणी त्यांच्या कमरेला लागलंय. इकडे नुसता कातळ लागतोय. तुमचं काय झालं?"

ऋजुताचा हात यंत्राच्या काट्याकडे गेला. आच दुप्पट केली, तर निम्म्या वेळात होईल! आबांनी तिला अडवलं नाही. त्यांनी कोऱ्या फितीचा एक तुकडा टिपणला दिला. टिपणने तो आपल्या तापलेल्या बोटावर धरला. तुकडा पापडासारखा आक्रसला.

"डिंक सुकायच्या आधी पट्टीच वाकडी होते," आबा हळूच म्हणाले.

ऋजुताने हात मागे घेतला आणि त्यावर दुसरा हात दाबून धरला. आई बुडत असताना गप्प बसून राहायचं! तिला रडू फुटलं, पण तिने काट्याला हात लावला नाही.

संध्याकाळी फीत बाहेर काढली, निववली आणि जुन्या यंत्रावर चढवली. चित्र थरथरलं, पुसट झालं, पुन्हा उमटलं. तोच माणूस गुहेत चालत होता आणि या वेळी मध्ये एकही काप नव्हता. तो सरपटत एका भोकातून बाहेर आला. बुटांतून पाणी गळत होतं. कॅमेरा वर वळला. सगळीकडे चिऱ्याच्या गोल भिंती होत्या आणि वर आभाळाचा तुकडा.

"विहीर!" ऋजुता किंचाळली. "वर देवळाचा कळस दिसतोय. मचूळ पाण्याची म्हणून फरशीने झाकून सोडून दिली, ती विहीर!"

टिपणने नियमबियम विसरून चित्रण निकम मॅडमना पाठवलं. खोदणारं यंत्र विहिरीकडे हललं. आबा आणि ऋजुता विहिरीपाशी पोचले, तोवर दिवस मावळला होता. वरची फरशी सरकली होती आणि आतला गाळ उपसला जात होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग भिंतीतल्या भोकातून एक चिखलाने माखलेला हात बाहेर आला. त्यामागून आई आली, मग दोघे सहकारी.

ऋजुताने आईला अशी मिठी मारली की तीही चिखलाने माखली.

बातमीवाला तरुण घाईघाईने पुढे आला. "ताई, अंधारात नीट टिपलं गेलं नाही हो. जरा परत आत जाऊन बाहेर येता का? मी दिवे लावतो."

आई काही बोलायच्या आत ऋजुता मध्ये उभी राहिली. "ती नाही जाणार. अंधुक आलंय ना? मग अंधुकच दाखवा, आणि कापू नका. पुढे कधी कुणी आत अडकलं, तर त्याला सोडवायला हेच खरं चित्रण लागेल."