सावलीतली बाल्कनी

फोन आला तेव्हा दुपार कलली होती. सून कपडे वाळत घालताना पहिल्या मजल्यावरून पडली, जिवंत आहे, एवढंच सासू बोलली.

फौजदार बाई पोचल्या तोवर तिला दवाखान्यात हलवलं होतं. खालच्या मोटारीच्या टपावर पडली म्हणून वाचली.

बाल्कनीत बाईंनी चपला काढल्या. फरशी पायाला गार लागली. दोरीवर तीन शर्ट होते. त्यांनी एका बाहीवर बोट फिरवलं. कोरडी, आणि इस्त्रीची घडी जशीच्या तशी. शेजारच्या कठड्याला ओढणीची चिंधी अडकली होती.

"हेच कपडे वाळत घालत होती?"

"हो, तेव्हाच," सासू म्हणाली.

"तुमचा मुलगा कुठे होता?"

"ऑफिसात. सकाळी गेला तो आत्ता थेट दवाखान्यात. त्याच्या साहेबांना विचारा हवं तर."

हवालदाराने विचारलं. खरं होतं.

"नवरा तर सुटला, मॅडम," जिन्यात तो पुटपुटला. "म्हातारीला चहाचा कप धरवत नाही. ढकललं कुणी? भुताने?"

बाई हसल्या नाहीत. काहीतरी जुळत नव्हतं, आणि ते त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं.

दवाखान्यात सून हाताला प्लास्टर घालून पडली होती. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर. "पाय घसरला." नवरा उशाशी होता. संध्याकाळीच घरी न्यायचं म्हणून त्याने पिशवीही भरली होती.

बाहेर सुनेच्या थोरल्या बहिणीने बाईंचा हात पकडला. "वडिलांनी हिला दिलेलं दुकान माझ्या नावावर करून दे म्हणून तो हिच्या मागे लागलाय. आज ही त्या घरात गेली तर परत दिसायची नाही मला."

"तिने तोंड उघडलं नाही तर मी अडवू कशी?"

डॉक्टर जाता जाता थांबले. "एक कळत नाही. कपाळ, मान, हात उन्हाने भाजलेत. ओठ फुटलेत. बराच वेळ पाण्याचा थेंब नसावा."

 बाई हवालदाराला म्हणाल्या, "सासूला आत बोलवा."

खाटेभोवती सगळे जमले.

"हिला ऊन कुठे लागलं?" बाईंनी विचारलं.

"कपडे वाळत घालताना. दुपारचं ऊन कडक असतं," नवरा म्हणाला.

"तुमच्या बाल्कनीत दुपारी सावली असते. फरशी गार होती. तिथे ऊन येतं ते फक्त सकाळचं. म्हणजे ही सकाळपासून बाहेर होती, तुम्ही घरात होतात तेव्हापासून. तुमचा ऑफिसचा पुरावा आहे तो ही पडली तेव्हाचा. सकाळी निघण्याआधीचं काय?"

तो पिशवीचा बंद चाळवत राहिला.

"बाल्कनीच्या दाराला आतून कडी घातली होती. तहानेने जीव जायला लागला तेव्हा ही शेजारच्या बाल्कनीत उतरायला गेली. ओढणी तिथेच फाटली. आणि शर्ट ओले नव्हतेच. ती पडल्यावर कपाटातून काढून टांगले. कुणी?"

सासूला रडू फुटलं. "दुकानाच्या कागदांवर सही करते म्हणेपर्यंत कडी काढू नकोस म्हणाला. ही पडली, मी आधी त्यालाच फोन केला. शर्ट त्यानेच टांगायला सांगितले."

"म्हणजे हुंड्यासाठी छळ," बाई नवऱ्याला म्हणाल्या.

"मी ढकललं नाही!" नवरा ओरडला. "आणि हुंडा कसला? लग्नात साधा चमचा घेतला नाही आम्ही!"

"लग्नानंतर मागितलं तरी कायद्याने तो हुंडाच. आणि ढकलावं लागत नाही. बायकोच्या जिवावर बेतेल असा छळ, एवढं पुरतं. सासूबाई, कडी तुम्ही उघडली नाहीत. यात तुम्हीही आलात."

हवालदाराने नवऱ्याचा दंड धरला. तो खाटेकडे वळला. "अगं, सांग ना यांना! घरी जाऊन बोलू आपण."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आवाज फाटका होता.

"तू फाटकातून निघालास तेव्हा मी वरून हात हलवत होते. दार उघड म्हणून. तू वर बघितलंस. आणि तूही हात हलवलास."

 तिने बहिणीकडे पाणी मागितलं, दोन घोट घेतले.

"मॅडम, लिहून घ्या," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते."