मावेल तेवढा निनाद

त्या महिन्यात निनाद सामंतला बऱ्याचदा उठवण्यात आलं, आणि दर वेळी बायकोच्या सांगण्यावरून बंद करण्यात आलं.

"हा तो नव्हे," केतकीबाई म्हणायच्या. डॉक्टर ढमढेरे मान डोलवून बटण दाबायचा.

खरा निनाद मिरजेच्या त्या मेंदू-दुरुस्ती केंद्रात वरच्या मजल्यावर नळ्या लावून पडला होता. विस्मरणाने पोखरलेल्या मेंदूत हल्ली चिप बसवत. पण नुसती चिप म्हणजे साहेब नसलेलं ऑफिस. आठवण कुठून आणायची, घास कधी गिळायचा, हे ठरवणारा आज्ञावलीचा गाभा लागे. तो कर्नेल. होता तो लिनक्स नावाच्या जुन्यापुराण्या, फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीचाच, पण प्रत्येक डोक्याच्या मापाने नव्याने बेतलेला. हजारो सोयींपुढे 'हवी' किंवा 'नको' अशी खूण करायची, मग संगणक त्यातून एक एकसंध प्रतिमा, म्हणजे चढवायला तयार कर्नेल, बांधून देई. ती थेट डोक्यात घालणं धोक्याचं, म्हणून आधी 'प्रतिमेंदू'वर चालवत. प्रतिमेंदू म्हणजे रुग्णाच्या मेंदूचं आणि चिपचं हुबेहूब सोंग वठवणारा संगणक. कर्नेलला वाटे, आपण खऱ्याच डोक्यात आहोत. तसं त्याला वाटू देण्याचा ढमढेरेला पगार होता.

उठलेला माणूस तोच आहे की नाही, हे मात्र बायकोलाच विचारावं लागे. विज्ञानाला त्यावर अजून दुसरा तोडगा सापडला नव्हता.

त्या दुपारी प्रतिमेंदूचा कॅमेरा खोलीभर फिरला आणि स्पीकर खरखरला.

"केतकी, हा पोरगा कोण? आणि केस कसले रंगवलेस, वांग्यासारखे?"

"हाच!" केतकीबाई खुर्चीतून उठल्याच. "डॉक्टर, हाच तो!"

मग दोघं तासभर भांडली. तारकर्लीला चप्पल कुणाची वाहून गेली, यावर. ढमढेरे कौतुकाने ऐकत होता. ऐकता ऐकता त्याची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर गेली आणि त्याचा चेहरा उतरला.

चाचण्या भराभर व्हाव्यात म्हणून त्याने प्रतिमेंदूला खऱ्या चिपच्या चौपट जागा देऊन ठेवली होती. सुरुवातीला सगळेच देतात. नंतर कमी करायची असते.

"काकू, हे काका खऱ्या डोक्यात मावत नाहीत."

"मग मोठी चिप बसवा."

"दुसरं ऑपरेशन त्यांना सोसणार नाही."

"मग हा इथेच राहू दे. मी येत जाईन."

"एक माणूस, एक प्रत, असा कायदा आहे. वरती कर्नेल चढवला की हा पुसायचा. आणि चढवला नाही तर... काकांचं गिळणं बंद झालंय. किती दिवस काढतील, सांगता येत नाही."

"अहो, मी ऐकतोय," स्पीकर म्हणाला. "काय कापायचं ते बोला."

ढमढेरेने घसा साफ केला. "गिळणं, चालणं, बोलणं, सगळं किरकोळ आहे. सगळ्यात जास्त जागा काकूंची ओळख खाते. चेहरा लक्षात ठेवणं स्वस्त असतं हो. पण काकू यांच्या प्रत्येक आठवणीत कुठेतरी उभ्या आहेत. त्यांना ठेवायचं, तर ते सगळंच ठेवावं लागतं."

"बघ," निनाद म्हणाला. "तरी सांगत होतो, प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू नकोस."

केतकीबाई हसल्या नाहीत. "मी नाही काढणार मला."

"अगं, उपाशी मेलेल्या माणसाने तुला ओळखून तुझा काय फायदा? कर खूण."

खूण नातेवाइकाने करायची, असा नियम होता. ढमढेरेने कुठे ते दाखवलं. केतकीबाईंनी स्वतःपुढे 'नको' लिहिलं. त्यांनी डोळे पुसून वर पाहिलं तोवर स्पीकर गप्प झाला होता.

घरी आलेला निनाद दोन्ही वेळ पोटभर जेवू लागला. टोमणा नाही, तक्रार नाही. शेजारी म्हणाले, "किती सुधारले हो!" ढमढेरेने फोन केला, तेव्हा केतकीबाईंनी सांगितलं, "उत्तम आहे. सगळं गिळतो."

रोज संध्याकाळी जेवण झालं की निनाद ताट सरकवतो आणि हात जोडतो.

"ताई, फार केलंत. तुमच्या घरी कुणी वाट बघत असेल. निघा आता."

सुरुवातीला केतकीबाईंनी समजावून पाहिलं. परकी बाई घरातून हलत नाही म्हणून तो घाबरला, ओरडला. तेव्हापासून त्या पर्स उचलतात, "येते हं," म्हणतात, दार ओढून घेतात आणि त्याचं घोरणं ऐकू येईपर्यंत जिन्यात बसून राहतात.