तेवढी एक काढा

दिवे गेले होते. गच्चीवर सतरंजी पसरली होती आणि सगळ्यांच्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती, म्हणून पोरांना काकांची आठवण झाली.

"भुताची सांगा," धाकटी पुतणी म्हणाली. "पण खरी हवी. मागच्या वेळेसारखी पुड्या सोडलेली नको."

"भुताची आहे की नाही, ते मलाही ठरवता आलेलं नाही," काका म्हणाले. "खरी मात्र आहे. ज्याच्यावर गुदरली तो माझा शाळेपासूनचा दोस्त. गळ्यात कायम भिंग अडकवलेलं, म्हणून आम्ही त्याला भिंग्या म्हणतो. छपाई करतो. लग्नपत्रिकांची नाही हां! मोठमोठे चित्रकार आणि फोटोग्राफर त्याच्याकडे येतात. जाड सुती कागद, नातवंडांच्या काळातही फिकी पडणार नाही अशी शाई. एका प्रिंटला तास लागला तरी चालेल, पण सावलीतली सावली दिसली पाहिजे. असा किडा."

मग काका सावकाश सांगू लागले.

त्या दिवशी भिंग्या फक्त कागदाचा रोल आणायला गेला होता. दोन वर्षांपूर्वीची सतरा नोव्हेंबर. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, साधा कंटाळवाणा मंगळवार. गोदामातून रोल सोडवला, स्कूटरवर आडवा घातला आणि रस्ताभर लोकांच्या शिव्या खात घरी आला. घर वरच्या मजल्यावर, स्टुडिओ खाली. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसायचं आणि तिथेच वहिनींचं, म्हणजे भिंग्याच्या बायकोचं, फ्रेमा जोडायचं टेबल. मागच्या खोलीत मशिन. कपडे ठेवायचं कपाट आडवं पाडावं, एवढं मोठं.

पुढच्या खोलीत एक माणूस वाट बघत होता. चाळिशीचा, कडक इस्त्री, बोलणं लोण्यासारखं.

"वडिलांची एकसष्टी आहे उद्या. हॉलमध्ये हा फोटो लावायचाय, चांगला चार फुटी. सकाळी नऊला मिळेल?"

भिंग्याने फाइल उघडली. घराच्या पायऱ्यांवर अख्खं कुटुंब. मध्ये वडील, शेजारी शाल पांघरलेली आजी, मागे मुलगे-सुना, पुढे पोरं. डावीकडून संध्याकाळचं ऊन आलेलं. आजीच्या मागे विशीतली एक मुलगी उभी होती. इतकी हसत होती की डोळे मिटले होते. हात आजीच्या खांद्यावर.

त्या माणसाने स्क्रीनवर बोट ठेवलं. "आणि तेवढी एक काढा."

"कोण आहे?"

"कोणी नाही."

वहिनींनी हातातली पट्टी खाली ठेवली. "कोणी नाही, आणि आजींच्या खांद्यावर हात?"

तो हसला. "घरचं असतं हो वहिनी. बहीण आहे. होती, म्हणा. आमच्या मनाविरुद्ध लग्न ठरवून बसलीय. उद्या चार पाहुणे भिंतीकडे बघून विचारणार, ही कुठेय? वडिलांनी काय सांगायचं?"

तो गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "हे काम परत करा."

"अगं, त्यांचं घर, त्यांचा फोटो. आपण कागदावरची माणसं काढतो, घरातली नाही. आपल्याला काय करायचंय?"

काका थांबले. "आपल्याला काय करायचंय. किती सोपं जातं ना बोलायला? तुम्ही कॉलेजातली पोरं तरी हे वाक्य वापरू नका. माझी पिढी त्यावरच जगली."

"काका, भाषण नको," कोणीतरी म्हणालं. "पुढे?"

पुढे भिंग्या कामाला बसला. मुलीचा चेहरा काढणं सोपं होतं, मागे नुसती भिंत होती. अवघड होता तो हात. हाताखालचा आजीचा खांदा फोटोत नव्हताच, तो नव्याने बनवावा लागणार. शालीची एकेक वीण, एकेक घडी, घडीतली सावली. जेवायलाही उठला नाही. शेवटी वहिनींना हाक मारली. वहिनी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"इथे कोणी होतं असं वाटतसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच कसंतरी होतंय."

रात्री साडेअकराला त्याने मशिन सुरू केलं.

असल्या मशिनमध्ये फोटो वरून खाली उतरतो. शाईचं हेड डावीकडून उजवीकडे जातं, परत येतं, कागद केसभर पुढे सरकतो. आधी भिंत आली. मग मागच्या रांगेतल्या भावांची डोकी, कपाळं. मग आजीच्या मागची मोकळी जागा.

मोकळी नव्हती. केस येत होते.

"म्हातारे झालात," वहिनी म्हणाल्या. "जुनी फाइल सोडलीत."

भिंग्याने स्क्रीन बघितला. स्क्रीनवर भिंत. कागदावर मुलगी, मिटल्या ओठांपर्यंत उतरलेली. त्याने प्रिंट रद्द केली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, जुनी फाइल उडवून टाकली. आता त्या मुलीचा चेहरा त्याच्या कॉम्प्युटरवर कुठेच नव्हता. पुन्हा प्रिंट सोडली. दोघं मशिनपाशी उभे राहिले.

भिंत. डोकी. कपाळं...

केस.

पण तिचा हात फोटोतल्यासारखा आजीच्या खांद्यावर नव्हता. वर उचललेला होता. बोटं ताणलेली.

आणि ती हसत नव्हती. डोळे उघडे होते.

भिंग्याने भिंग लावलं. नजर सवयीने आधी उजेडाकडे गेली. बाकी सगळ्यांवर ऊन डावीकडून होतं. तिच्यावर... वरून. सरळ डोक्यावरून. चौकोनी. आणि केस कपाळाला चिकटलेले.

"ओले आहेत," वहिनी हळूच म्हणाल्या.

आता भिंग्याने जे केलं ते कुठल्याही छपाईवाल्याने केलं असतं. त्याने कोरी फाइल पाठवली. पांढरी. त्यात काहीच नाही, म्हणजे मशिनला छापायला काहीच नाही. दोष कुठे आहे ते कळेल.

कागद सरकला. थांबला.

हेड हललं.

डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे.

"बंद करा," वहिनी म्हणाल्या. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. भिंतीतली वायर उपटायला वाकला, आणि त्याला दिसलं की कागदावर तिचे डोळे आलेत. त्याला वायर उपटवेना. डोळे अर्धे ठेवून थांबवायचं... कसं?

तो उभा राहिला. ती उतरत गेली.

या वेळी घरचे कोणी नव्हते. ती एकटी. चारी बाजूंनी सिमेंटच्या भिंती. वर चौकोनी झाकण, उघडं. पाणी हनुवटीपर्यंत.

हनुवटीखालची ती छापलीच नाही. नुसतं पाणी.

वहिनींनी तिन्ही कागद जमिनीवर ओळीत ठेवले. पहिल्यात ओठ मिटलेले. दुसऱ्यात उघडे. तिसऱ्यात जीभ टाळूला लागलेली. वहिनींनी फ्रेमच्या काचेत बघून तसेच ओठ केले. आवाज न काढता. मग आवाज काढून.

"का..."

"काय?"

"का... ढा. काढा म्हणतेय."

"अगं काढलं की!" भिंग्या ओरडला. "इतका वेळ मी दुसरं काय करतोय? काढलं ना तिला!"

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. तसं त्यांनी लग्नाच्या एवढ्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"फोटोतून नाही हो... बाहेर. तिला बाहेर काढा म्हणतेय."



भिंग्याने त्या भावाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. एवढ्या रात्री, पहिल्याच रिंगला.

"तुमच्या घरी... जमिनीखाली पाण्याची टाकी आहे का?"

 

पलीकडून तोच लोण्यासारखा आवाज. "दादा, प्रिंट नऊला. विसरू नका."

भिंग्याने तिसरा कागद गुंडाळला आणि स्कूटर काढली. पत्ता ऑर्डरवर होता. दुमजली घर, उंच फाटक, आतून कुलूप. सगळे दिवे बंद. त्याने फाटक वाजवलं, हाका मारल्या, शेजारच्या घराची घंटा दाबली. शेजारच्या खिडकीत एक पडदा हलला आणि पुन्हा नीट झाला.

तेव्हा त्याला ते ऐकू आलं. अंगणात पंप चालू होता. मध्यरात्र उलटून गेलेली, सगळं घर झोपलेलं, आणि पंप चालू. घुर्रर्र... एकसारखा.

टाकी भरत होते की उपसत होते, ते बाहेरून कळत नव्हतं. त्याने फाटकावर चढायचा प्रयत्न केला. साठीला आलेला माणूस. वरची टोकं तळहातात घुसली आणि तो रस्त्यावर पडला. तसाच पोलीस चौकीवर गेला.

तिथल्या साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. "दाखवा," म्हणाला.

भिंग्याने टेबलावर कागद उलगडला.

कोरा.

एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पांढरा. त्याने भिंग लावलं. मागची बाजू बघितली. पुन्हा पुढची.

"धंदा काय तुमचा?"

"छपाई. फोटो... दुरुस्त करतो."

"म्हणजे माणसं काढता, घालता?"

"हो."

"पंप लावणं गुन्हा नाही, हे मान्य आहे ना? हरवल्याची तक्रार घरच्यांना द्यावी लागते." साहेबाने त्याला पाणी दिलं, दिवसा एक माणूस पाठवून बघतो म्हणाला. "तुम्ही तिचे कोण?"

भिंग्याने कागद पुन्हा गुंडाळायला घेतला.

"कोणी नाही," तो म्हणाला.

पहाटे घरी आला तेव्हा वहिनी पायरीवर बसल्या होत्या. आतल्या दोन प्रिंटही बदलल्या होत्या. अर्ध्या राहिलेल्या पहिल्या प्रिंटवर आजीच्या मागे भिंत होती. दुसरी पूर्ण, चोख. शालीची वीणसुद्धा जागच्या जागी. वहिनी म्हणाल्या, "मी बघत बसले होते. पापणीसुद्धा पाडली नाही हो मी. तरी कधी गेली ते कळलं नाही."

नऊला तो भाऊ आला. ताजी इस्त्री. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या. तो त्यांच्या बाजूने आत आला, जसं खुर्चीच्या बाजूने यावं. प्रिंट उजेडात धरली.

"वा. काय काढलंय!"

भिंग्याने त्याचा दंड धरला. "बहीण कुठे आहे?"

"कोणाची?" तो म्हणाला. अगदी आपुलकीने. दंड सोडवून घेतला, प्रिंट गुंडाळली आणि गेला.

दुपारी साहेबाने, शब्दाला जागून, एका हवालदाराला त्या घरी पाठवलं. टाकी रिकामी होती. धुऊन पुसून कोरडी, आत बसून जेवावं इतकी स्वच्छ. घरचे म्हणाले, पोरगी पळून गेली, लग्न करून. ज्याच्याशी लग्न करणार होती तो मुलगा अजून तिला शोधतोय. भिंग्याकडेही येऊन गेला. तिचा एखादा फोटो असेल तर द्या म्हणाला. भिंग्याने त्याच रात्री फाइल उडवली होती, स्वतःच्या हाताने.

"बास?" धाकटीने विचारलं. 

"थोडं राहिलंय."

आठ दिवस भिंग्याने मशिनला हात लावला नाही. नवव्या दिवशी चालू केलं तर लाल दिवा. या मशिनच्या पोटात एक डबा असतो. हेड साफ होताना वाया जाणारी शाई त्यात साठते. काळा, चिकट चिखल. भिंग्याने डबा महिन्यापूर्वीच बदलला होता आणि दिवा सांगत होता, भरला.

त्याने ओढला. एका हाताने येईना. दोघांनी मिळून बाहेर काढला, टेबलावर ठेवला, झाकण उचललं.

शाई नव्हती. एक थेंबसुद्धा नाही.

पाणी होतं.

काठोकाठ. नितळ. गार.

वहिनी दोन्ही हातांनी डबा उचलून मोरीपर्यंत गेल्या... आणि तिथेच उभ्या राहिल्या. मग वळून म्हणाल्या,

"अहो... हे ओतायचं कुठे?"

 खाली रस्त्यावरून एक गाडी गेली आणि तिचा उजेड गच्चीच्या कठड्यावरून सरकत निघून गेला.

"मग कुठे ओतलं?" धाकटीने विचारलं.



"मी गेल्या रविवारी गेलो होतो," काका म्हणाले. "डबा अजून मोरीपाशीच आहे. भरलेला."