काळ्या बर्फातले अकरा खुंट

आधीच सांगते. ही गोष्ट मला कुणाच्या मावशीच्या नणंदेने सांगितलेली नाही. माझ्या बाबतीत घडली. शाळेचं दप्तर पाठीवर असताना.

ज्यांना "भास झाला असेल गं" म्हणायचंय, त्यांनी इथेच थांबा. हे वाक्य मी वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडलं तरी डोकं उठतं.

तीन डिसेंबर. गुरुवार. दुपारचे अडीच.

हो, दुपारचे. पण आमचं हिल्लावारा फिनलंडच्या पार वर आहे. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य उगवतच नाही. त्यामुळे अडीच काय आणि रात्रीचे बारा काय, अंधार तोच.

त्याआधी गेल्या वर्षीचं सांगावं लागेल. त्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही.

तळं गोठलं की त्याच्यावरून पलीकडच्या काठाला वाट पडते. रस्त्याने चाळीस किलोमीटर, बर्फावरून सहा. ही वाट दाखवायला स्प्रूसची, म्हणजे ख्रिसमसच्या झाडासारखी, कमरेएवढी झाडं तोडून आणायची आणि बर्फात ओळीने रोवायची. गावात हे काम माझ्या बाबांकडे. बावीस वर्षं.

बाबांची पद्धत ठरलेली. गिरमिटाने बर्फात भोक पाडायचं, झाड उभं करायचं, भोकात बर्फाचा चुरा कोंबून वर पाणी ओतायचं. दहा मिनिटांत दगड! मग ते झाड कुणाच्या बापालाही उपटता येत नाही. हलवायचंच असेल तर करवतीने कापावं लागतं. आणि कापलं की खुंट बर्फात राहतो.

हे लक्षात ठेवा. पोलिसांच्या लक्षात राहिलं नाही.

तळ्याच्या मधे एक चिंचोळी जागा आहे. तिथे खालून प्रवाह वाहतो. उणे तीसलाही तिथला बर्फ पापडासारखा. म्हणून बाबांची वाट तिथे मोठं वळण घेते.

हे वळण आहतीकाकांना खुपायचं. पलीकडच्या काठावर त्यांनी पर्यटकांसाठी लाकडी घरं बांधलीत. गेल्या नोव्हेंबरात ते आमच्या स्वयंपाकघरात बसून बाबांना म्हणाले होते, "उर्हो, सरळ काढ की वाट. दीड किलोमीटर वाचतो. लोक कंटाळतात रे!"

"लोकांना समजावता येतं," बाबा म्हणाले, "पाण्याला नाही."

मी तिथेच होते. माझ्या कानांनी ऐकलंय.

तीन आठवड्यांनी गावातले ओइवाआजोबा गेले.

दर मंगळवारी ते बहिणीकडे कॉफीला जायचे, घसरगाडीवरून. पुढे टोपली, खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या, आणि मागे उभं राहून एका पायाने रेटायचं. त्या दिवशी बर्फ पडत होता. डोक्यावरच्या दिव्यात फक्त पुढचं झाड दिसतं. एक गेलं की दुसरं. आजोबा झाडांच्या मागे मागे गेले.

झाडं सरळ त्या चिंचोळ्या जागेवर नेत होती.

सकाळी सगळ्यांनी पाहिलं. सरळ ओळ, आणि ओळीच्या शेवटी काळं पाणी.

सगळे बाबांकडे बघायला लागले.

मी घसा फोडून सांगितलं, "वळणावरचा बर्फ उकरा! तिथे खुंट सापडतील! कुणीतरी झाडं कापून हलवलीत!" पोलीस नव्वद किलोमीटरवरून आले होते. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आणि वही मिटली.

मग मी एकटीने उकरलं. नऊ दिवस, शाळा सुटल्यावर, फावड्याने. पण वर इतका बर्फ साचला होता की त्याच्या वजनाने तळ्याचा बर्फ तडकला, खालचं पाणी वर आलं आणि पुन्हा गोठलं. खुंट असतील तर त्या थराच्या आत. मे महिन्यात तळं वितळलं. पुरावा पाण्यात वाहून गेला.

बाबांना शिक्षा झाली नाही. त्याहून वाईट झालं. ते दुकानात शिरले की लोक बोलायचे थांबायचे. काठावरच्या सामाईक सॉनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, त्यांच्या शेजारचा बाक रिकामा राहायला लागला. बाबाही गप्प झाले. इतके, की कधी कधी मी मुद्दाम बशी आपटायचे.

यंदा वाटेच्या मंडळाची सभा पाच डिसेंबरला होती. वाट कोण आखणार ते ठरणार होतं. आहतीकाकांनी आपलं नाव दिलं होतं. बाबांनी दिलंच नाही.

म्हणजे बाबांची चूक कायमची पक्की. आणि वाट पुन्हा सरळ.

म्हणून गुरुवारी शाळेतून परस्पर तळ्यावर गेले. त्या चिंचोळ्या जागेतल्या बर्फाची जाडी मोजून सभेत सगळ्यांच्या तोंडावर मारायची होती.

यंदा बर्फ पडलाच नव्हता. तळं नुसतं काळं, काचेसारखं. तीन आठवड्यांचा बर्फ, वीतभर जाड. अजून कुणी एकही झाड रोवलं नव्हतं.

नवा बर्फ आवाज करतो. गडगडतो, कण्हतो, लांबून शीळ घातल्यासारखा वाजतो. आम्हाला सवय असते.

वळणापाशी पोचले आणि...

आवाज थांबला.

एकदम. कुणी दार लावून घ्यावं तसा.

माझाच श्वास मला ऐकू येत होता. मग मागून...

घर्रर्र... टप.

मी वळले. कुणी नाही.

घर्रर्र... टप.

हा आवाज गावातलं शेंबडं पोरही ओळखेल. लोखंडी पट्ट्या घसरतात, मग पाय टेकतो.

"कोण आहे?" मी ओरडले. आवाज माझाच, पण कुणा लहान मुलीचा वाटला.

दिव्याच्या उजेडात फक्त बर्फ. आणि त्या बर्फावर...

दोन पांढरे ओरखडे उमटत होते.

माझ्यासमोर. हळूहळू. शेजारी शेजारी. कुणीतरी अदृश्य सुऱ्या ओढाव्यात तसे. ते माझ्या बुटांपासून हातभर अंतरावरून पुढे गेले, आणि थांबले.

थांबले तिथे एक खुंट होता.

स्प्रूसचा. मनगटाएवढा. बर्फालगत करवतीने कापलेला.

मी गुडघ्यावर बसले. हातमोजा लावला तर चिकटला. ताजा डिंक! वासही तसाच, आत्ता कापल्यासारखा.

घर्रर्र... टप.

ओरखडे पुढे निघाले. पुढच्या खुंटापाशी थांबले. मग त्याच्या पुढच्या.

मी त्यांच्या मागे गेले. का, ते मला विचारू नका. अकरा खुंट मोजले. बाबांचं वळण, जसंच्या तसं.

अकराव्यानंतर ओरखडे संपले. तळं पुन्हा गडगडायला लागलं.

मी मात्र धूम ठोकली.

"बाबा, चला. आत्ताच्या आत्ता."

"पिहला, जेवून घे."

"बाबा, खुंट आहेत! तुमच्या वळणावर!"

"तो बर्फ गेला, बाळा. मे महिन्यात."

"मला माहितीये कधी गेला! मी शाळेत जाते, गाढवं वळायला नाही जात! चला!"

आले. पहिल्या खुंटापाशी वाकले. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ. मग उठून दुसऱ्यापाशी गेले, दिवा न लावता. त्यांना जागा माहीत होत्या.

घरी येऊन पोलिसांना फोन केला. स्वतः!

मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय. शुक्रवारी तेच पोलीस आले. खुंटांचे फोटो काढले. मग शांतपणे म्हणाले, "हा बर्फ यंदाचा. खुंटही यंदाचे. याने गेल्या वर्षीचं काय सिद्ध होतं?"

"पण यंदा कुणी झाडं रोवलीच नाहीत!"

"तेच म्हणतोय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या बाबांसाठी तू बरंच काही करशील, नाही?"

मी! मी म्हणे अकरा झाडं रोवली आणि कापली! मला गणिताचा गृहपाठ वेळेत जमत नाही, आणि मी एका दुपारी गिरमिटाने अकरा भोकं पाडणार! मी त्यांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी वही मिटली.

शनिवारी सभेच्या आधी गाव बर्फावर आलं. बातमी पसरली होतीच. वीसेक माणसं, प्रत्येकाच्या कपाळावर दिवा. आहतीकाकाही होते.

"काय गं पोरी," ते हसत म्हणाले, "करवतीला धार करून आणलीस वाटतं?"

दोघं-तिघं हसले.

"धार तुमच्या करवतीला आहे, काका," मी म्हणाले. "माझ्या फक्त जिभेला."

हसणं थांबलं. काकांनी खांदे उडवले आणि खुंटांच्या ओळीने चालायला लागले. दिवा एकेका खुंटावर टाकत. आम्ही मागे. शेवटच्या खुंटापाशी ते थांबले. पुढे दिवा टाकला. उजवीकडे. डावीकडे. कपाळाला आठ्या पडल्या.

"एक कमी आहे," ते पुटपुटले.

आणि तेव्हा... चिंचोळ्या जागेकडून...

घर्रर्र... टप.

सगळ्यांनी ऐकलं. शपथेवर सांगते, सगळ्यांनी! गावातल्या लेम्पीआजींनी तर कानटोपी वर केली. पण त्या दिशेला मान एकानेही वळवली नाही.

बाबा पुढे झाले. वर्षभरात पहिल्यांदाच चारचौघांत बोलले.

"किती पाहिजे होते, आहती?"

काकांच्या तोंडातून नुसती वाफ निघाली.

मी वाट बघत होते. आता कुणीतरी बोलेल. आता कुणीतरी त्यांची कॉलर धरेल. वीस माणसं! निदान एकाने तरी!

लेम्पीआजी खाकरल्या.

"कॉफी गार होतेय रे," त्या म्हणाल्या.

आणि सगळे वळून काठाकडे निघाले.

मी जागच्या जागी पाय आपटला. माझ्या डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठलं. ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं.

सभा दहा मिनिटांत आटोपली. वेलचीचे पाव वाटले गेले. वाट कोण आखणार? अध्यक्षांनी कागदाकडे बघत विचारलं, "उर्हो, नेहमीप्रमाणे?" बाबांनी मान डोलावली. आहतीकाकांचं नाव कुणी काढलंच नाही. ते सभेला थांबलेच नव्हते.

एवढंच. कुणी माफी मागितली नाही. कुणी "चुकलो" म्हणालं नाही. सॉनात बाबांशेजारचा बाक मात्र त्या संध्याकाळी भरला. काहीच घडलं नव्हतं, अशा थाटात लोक त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होते.

मी पोलिसांना फोन करून काकांचं वाक्य सांगितलं. "आणखी कुणी ऐकलं?" त्यांनी विचारलं. मी वीस नावं सांगितली. त्यांनी फोन फिरवले. वीसही जणांना वाऱ्यात काहीच ऐकू आलं नाही म्हणे.

त्या दिवशी पानही हलत नव्हतं.

खुंटांचं म्हणाल, तर रविवारी बर्फ पडला. सोमवारी मी आणि बाबांनी उकरलं. खाली गुळगुळीत काळी काच. एक भोकसुद्धा नाही.

आता जानेवारी आहे. वाट आखून झाली, वळणासकट. मी बाबांबरोबर होते. गिरमिट मी फिरवलं, पाणी बाबांनी ओतलं. वर्षभराने ते शीळ घालत होते. मला बरं वाटायला हवं होतं.

पण एक गोष्ट मला छळतेय.

प्रत्येक झाड रोवून झालं, की बाबा दोन पावलं मागे सरायचे आणि टोपीला हात लावायचे. अरुंद वाटेवर समोरून आलेल्याला जागा देतो ना, तसं.

"कोणाला वाट देताय?" मी विचारलं.

"कोणाला?" ते म्हणाले. खरंच गोंधळून. त्यांना स्वतःला कळतच नव्हतं.

शेवटचं झाड मी रोवलं. पाणी ओतलं. तिथेच उभी राहिले, मागे न सरता.

आणि कुणीतरी माझी बाही अगदी हलकेच बाजूला सारली.