पुलावरची बाई

पटवून द्यायला मी हे सांगत नाहीये. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. मी ते दोनदा ऐकलंय. तिसऱ्यांदा ऐकणार नाही.

माझ्या मावसभावाच्या घरची गोष्ट. मार्चमधला रविवार, दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन. ना दिवे गेले होते, ना कुत्री रडत होती.

दादा चष्म्याच्या काचा घासायचं काम करतो. वहिनी जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. तो रडला नव्हता. कामावर जायचा, यायचा, पोरीची वेणी घालायचा. कोणी विचारलं की "ठीक आहे" म्हणायचा.

बस, एवढंच.

त्याचे दोन जुने मित्र. एक नर्स, एक इलेक्ट्रिशियन. तिघं मिळून पूर्वी एक खेळ खेळायचे. टेबलावर फासे आणि हाताने काढलेला नकाशा. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन बोलतात. गोष्ट चालवणारा नेहमी दादाच. वहिनी आजारी पडली तेव्हापासून ते सगळं बंद होतं.

या दोघांनी मागे लागून त्याला पुन्हा बसवलं.

दादाला काही सुचेना. म्हणाला, माझं डोकं रिकामं आहे, तुम्हीच कुठून तरी उचलून आणा. मग नर्सने तिच्या लाडक्या मालिकेतलं आकाशात तरंगणारं हॉस्पिटल आणलं. इलेक्ट्रिशियनने लहानपणीच्या कॉमिकमधले लोखंडी घोडे. दादाने दोन्ही एकाच नकाशावर बसवली. मध्ये दरी आली.

म्हणून त्याने तिथे एक पूल काढला.

आणि पुलाच्या तोंडाशी एक बाई बसवली. विणत बसलेली.

ही बाई त्याची नव्हती...

वहिनी रोज झोपताना चिमीला, म्हणजे त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला, एक गोष्ट सांगायची. स्वतः रचलेली. त्यातली ही बाई. पुलापलीकडे काय आहे, असं चिमी विचारायची. वहिनी म्हणायची, ते उद्या. मग ती हॉस्पिटलमध्ये गेली आणि ते उद्या राहूनच गेलं.

दादाने मित्रांना यातलं काही सांगितलं नाही. चिमी घरात नव्हती. रविवारी ती तिच्या मावशीकडे असायची.

खेळ रंगला. इलेक्ट्रिशियनने फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं होतं, कारण मागच्या वेळी काय झालं ते कोणालाच आठवत नसे. दोघं पुलापाशी पोचले. नर्सने त्या बाईला विचारलं, "पलीकडे काय आहे?"

दादाने तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. त्याला माहीतच नव्हतं.



नर्सने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग दुसरा प्रश्न विचारला. पुन्हा थांबली. पुन्हा लिहिलं. इलेक्ट्रिशियन पुढे वाकून ऐकत होता. एकदा हसलाही. दादाला वाटलं, आपल्याला सांभाळून घेतायत बिचारे. आपल्याला जमत नाही म्हणून दोघंच खेळ पुढे ढकलतायत. त्याने काही हरकत घेतली नाही.

निघताना नर्स म्हणाली, "आज कमाल केलीस. आवाज कसा काढलास तो?"

तो "थँक्यू" म्हणाला. कप विसळायला गेला.

संध्याकाळी त्याने इलेक्ट्रिशियनकडून रेकॉर्डिंग मागवून लावलं. फासे पडल्याचा आवाज. खुर्ची सरकल्याचा. मागे पंख्याची घरघर. मग नर्सचा प्रश्न...

आणि शांतता.

उत्तर नाही. पंखा नाही. काहीच नाही. जणू फोनच कोणी मुठीत दाबून धरलाय.

मग पुन्हा पंखा. नर्सचा पुढचा प्रश्न. पुन्हा शांतता.

अकरा मिनिटं असंच.

त्याने नर्सकडून वहीच्या पानाचा फोटो मागवला. तिसरा प्रश्न होता, तू इथे एकटीच असतेस का? खाली तिच्या अक्षरात उत्तर...

"नाही. माझी मुलगी येते. दर वेळी थोडी पुढे चालते."

त्याने इलेक्ट्रिशियनला फोन करून विचारलं. इलेक्ट्रिशियनने तेच वाक्य सांगितलं, शब्दन् शब्द. वर म्हणाला, तूच तर बोललास ना.

दादाने मेहुणीला फोन लावला. चिमी ठीक होती. दूध पीत होती. मेहुणी सहज म्हणाली, दुपारी तीनला झोपली ती उठेचना. झोपेत बडबडत होती. "मी मध्येच विचारलं, कोणाशी बोलतेस गं? तर म्हणाली, थांब मावशी, आई पुढे गेलीये."

उठल्यावर चिमीला यातलं काही आठवत नव्हतं.

खेळ थांबला. मित्र विचारतात, दादा पुढच्या रविवारचा वायदा करतो. दोघांची पात्रं अजून पुलावरच उभी आहेत. नकाशा त्याने कपाटात ठेवलाय. फाडलेला नाही.

रविवारी आता तो पोरीला मावशीकडे पाठवत नाही. दुपारभर बागेत फिरवतो, झोके देतो, जागी ठेवतो. तरी तीन वाजले की तिचे डोळे मिटायला लागतात. मांडीवर डोकं टेकते. ओठ हलू लागतात...

मी फोनवर म्हटलं, लगेच उठवतोस ना?

"उठवतो," तो म्हणाला. "आधी लगेच उठवायचो. आता थोडं ऐकतो."

त्याचा आवाज अगदी सपाट होता. भाजीचा भाव सांगावा तसा.

मी विचारलं, थोडं म्हणजे किती?

 फोन चालू होता. मागे पंख्याची घरघर येत होती.

मग ती घरघर थांबली.